सहा पावलांचे मावसाजी

माझ्या मावसाजींनी उभ्या आयुष्यात एकही काम पूर्ण केलेलं नाही, आणि जेवढ्या निष्ठेने त्यांनी ते केलेलं नाही तेवढ्या निष्ठेने लोक देवाचंही करत नाहीत. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. ते आळशी आहेत असं कुणी म्हटलं तर त्याच्या जिभेला हाड नाही असं मी म्हणेन. सत्तरी उलटली तरी अजून उजाडायच्या आत ते संत्र्याच्या बागेत असतात, आळी करतात, पाणी फिरवतात, गडी माणसाला लाजवतील एवढं राबतात. पण कामाचा शेवट नजरेच्या टप्प्यात आला की त्यांचा हात आपोआप थबकतो, चेहऱ्यावर जेवण झाल्यासारखी तृप्ती येते आणि ते म्हणतात, ‘राहू दे आता. थोडं राखून ठेवा लागते.’ आळसाने अर्धं राहिलेलं काम आपण सगळ्यांनीच पाहिलेलं आहे. इतक्या काळजीने, मोजूनमापून अर्धं ठेवलेलं काम पाहायचं असेल तर मावसाजींकडेच जावं लागतं.

त्यांचं घर अचलपूरच्या अलीकडे, एसटी थांबते तिथून हाकेच्या अंतरावर. घराच्या तीन भिंती आकाशी रंगाच्या आणि चौथी, नेमकी रस्त्याकडची, नुसत्या प्लास्टरची. रंगाऱ्याने परोपरीने सांगितलं की डब्यात रंग शिल्लक आहे, उद्या दुपारपर्यंत भिंत होते. मावसाजींनी त्याला पोहे खाऊ घालून वाटेला लावलं. कोरी भिंत दिसली की दर निवडणुकीला कुणी ना कुणी तिच्यावर आपलं चिन्ह काढून जातं आणि पावसाळ्यात ते धुऊन निघतं, त्यामुळे आजवर सगळ्याच पक्षांनी त्या भिंतीवर राज्य केलेलं आहे. बागेचीही तीच तऱ्हा. बहार व्यापाऱ्याला देताना एक झाड ते राखून ठेवतात, त्याला हात लावू देत नाहीत. ‘मी तुमचं काय घोडं मारलं, ते एक झाड काहून देत नाई?’ असं व्यापारी दरवर्षी विचारतो. देवाच्या नावाचं असेल म्हणून तो एकदा त्या झाडाला नमस्कारही करून आला. मावसाजी म्हणाले, ‘देवाचं नाई रे, माह्यं हाये.’ त्या झाडाची संत्री माकडं खातात आणि मावसाजी बांधावर बसून मोठ्या समाधानाने ते बघतात.

चहाचा शेवटचा घोट ते कपात ठेवतात. माझं लग्न झाल्यावर पहिल्यांदा ते अकोल्याला माझ्या सासरी आले, तेव्हा सासूबाईंनी आलं-वेलची घालून चहा केला. मावसाजींनी घोटभर ठेवला. सासूबाईंना वाटलं, साखर कमी झाली. त्यांनी दुसरा केला. मावसाजींनी तोही मनापासून प्यायला आणि घोटभर ठेवला. तिसऱ्या कपाला सासूबाई रडकुंडीला आल्या, तेव्हा मावसाजी त्यांना समजावत म्हणाले, ‘चहा झकास हाये, ताई. झकास हाये म्हणून तं ठेवला. खराब असता तं संपवला असता.’ सासूबाई त्यानंतर आठवडाभर माझ्या माहेरच्या माणसांकडे जरा निराळ्या नजरेने बघत होत्या.

या सगळ्याचं मूळ एका इंग्रजी सिनेमात आहे. मावसाजींना मूलबाळ झालं नाही, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भाचरंच त्यांची लेकरं, आणि त्या सिनेमाची गोष्ट आम्ही दर सुट्टीत ऐकलेली आहे. तरुणपणी मावसाजी अमरावतीला कॉलेजात होते. दोन वर्षं शिकले, तिसरं राखून ठेवलं असं आम्ही म्हणायचो, पण तेव्हा ते साधे नापास झाले होते. त्यांचा एक अकोल्याचा दोस्त होता. अमरावतीच्या एका टॉकीजला रविवारी सकाळी जुने इंग्रजी सिनेमे लागत आणि हे दोघं जात. मावसाजींना इंग्रजीचा गंध नव्हता. दोस्ताला इंग्रजी येत होतं, म्हणजे तसं तो सांगे, आणि अंधारात मावसाजींच्या कानाला तोंड लावून तो सगळा सिनेमा वऱ्हाडीत सांगत असे.

तर त्या सिनेमात एक न्हावी होता. त्याने एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी केली, ब्रश साबणात बुडवला आणि उभ्याउभ्याच मेला. वर गेला. वर सगळीकडे पांढरं धुकं, आणि धुक्यात एका लांबलचक टेबलामागे एक चष्मेवाला माणूस भलंमोठं रजिस्टर उघडून बसलेला. ‘हा कोण?’ मावसाजींनी विचारलं. ‘तलाठी,’ दोस्त म्हणाला. तलाठ्याने रजिस्टर चाळलं, मग टेबलापलीकडचं थोडं धुकं हाताने बाजूला सारलं. खाली न्हाव्याचं दुकान दिसलं, आणि खुर्चीत ते अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक. तलाठी काहीतरी बोलला. ‘काय म्हणून राहिला?’ ‘तो म्हणते, तुह्यं काम अर्धं हाये. अर्धं काम असलेल्याची नोंद होत नसते. वापस जाय.’ मग तो न्हावी खाली आला, आपल्या दुकानाच्या दाराशी पोचला, दाराच्या मुठीवर त्याने हात ठेवला आणि टॉकीजची लाइन गेली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, बाकं बडवली. अर्धा तास वाट बघून डोअरकीपरने दारं उघडली. लाइन काही आली नाही, आणि पुढच्या रविवारी दुसराच सिनेमा लागला होता.

दुसरा एखादा माणूस हळहळला असता. मावसाजी त्या अंधारातून ज्ञान घेऊन बाहेर पडले. ज्याचं काम अर्धं, त्याला वरून परत पाठवतात. आता सिनेमाच अर्धा राहिला, म्हणजे वरच्याचीही याला संमती आहे, हे त्यांचं त्यांनी ताडलं. त्या दिवसापासून आजतागायत त्यांनी कुठलंच काम तडीला नेलं नाही. आम्ही पोरं विचारायचो, ‘पण मावसाजी, एवढे सगळे कामं अर्धे काहून? एक पुरे नाई का?’ ते म्हणायचे, ‘तलाठ्याचा काय भरोसा? एखादं कागद नामंजूर केलं तं दुसरं पाह्यजे ना जवळ.’

त्यांच्या गोष्टींनाही शेवट नसे. मेळघाटातल्या वाघाची गोष्ट तर आख्ख्या गावाला पाठ आहे. मावसाजी सायकलवरून जात असतात, चढावर चेन पडते, ते खाली बसून चेन चढवू लागतात आणि मान वर करून बघतात तर रस्त्यात मधोमध वाघ. ‘वाघानं माह्याकडे पाह्यलं. मी वाघाकडे पाह्यलं. आन् मंग…’ एवढं बोलून ते धोतर झटकून उठतात. शेजारचे एक आजोबा ही गोष्ट ऐकून पार वेडे झाले होते. ते आजारी पडले, डॉक्टरांनी आशा सोडली, घरच्यांनी तोंडात गंगाजल घातलं. मावसाजी गेले आणि त्यांच्या कानात म्हणाले, ‘काकाजी, वाघाचं सांगाचं राह्यलं हाये. उठले का सांगतो.’ तिसऱ्या दिवशी आजोबांनी डोळे उघडले आणि आंबील मागितली. पुढे चार वर्षं ते काठी टेकत रोज सकाळी मावसाजींच्या ओट्यावर येऊन बसत होते. शेवटी गेले, ते मावसाजी एका लग्नाला धामणगावला गेलेले असताना. आपण गावात असतो तर म्हातारा गेला नसता, याची रुखरुख मावसाजींना अजून आहे.

त्यानंतर त्यांचं नाव झालं. कुणी अंथरूण धरलं की मावसाजींना बोलावणं येई. ते रोग्याच्या उशाशी बसत, अर्धा वाघ सांगत आणि उठून येत. डॉक्टरांच्या औषधाने माणूस बरा झाला तरी लोक श्रेय वाघाला देत. मावसाजी मात्र श्रेय घेत नसत. ‘माह्यं काही नाई. नियम हाये तसा,’ एवढंच म्हणत.

आता मावशीकडे येते, कारण या माणसाच्या नियमाचा खरा भार तिनेच वाहिला. लग्न दर्यापूरला, माझ्या आजोळी झालं. सिनेमा पाहिल्यानंतरच्याच वर्षी. सप्तपदीसाठी तांदळाच्या सात राशी मांडलेल्या. नवरानवरी हात धरून एकेका राशीवर पाऊल ठेवत निघाली. सहावं पाऊल पडलं आणि नवरदेव थांबले. भटजी म्हणाले, पुढे चला. मावसाजी म्हणाले, ‘राहू द्या.’ भटजींना दुपारचा दुसरा मुहूर्त गाठायचा होता. सहा काय आणि सात काय, असं म्हणून ते पुढच्या मंत्राला लागले. पंगतीत मात्र अकोल्याच्या एका वकील पाहुण्यांनी जिलबी खाताखाता सांगितलं की कायद्याने लग्न पुरं होतं ते सातव्या पावलावर. पंगतीतला वाढपी जागच्या जागी उभा राहिला. माझ्या आजोबांनी जावयापुढे पागोटं काढायची तयारी दाखवली. मावसाजी हात जोडून म्हणाले, ‘तुमच्या पोरीले जीवापाड सांभाळीन. पण ते पाऊल नका मागू. ते माह्या वापस याच्या सोयीचं हाये.’ त्या लग्नाचा फोटो बैठकीत लावलेला आहे. त्यात दोघं गोंधळलेल्या चेहऱ्याने उभी आहेत आणि त्यांच्या पुढ्यात तांदळाची एक रास जशीच्या तशी आहे.

मावशीने संसार केला, पण हे विसरली नाही. मावसाजींनी पाहुण्यांसमोर चहा मागितला की ती म्हणे, ‘मलेच काय सांगता? मीबी पाहुणीच हाये. लग्न कुठं झालं आपलं?’ पुढे केव्हातरी एका भटजींनी तिला सांगितलं की सप्तपदीतलं सातवं पाऊल मैत्रीचं असतं. तेव्हापासून तिच्या बोलण्याला धार आली. ‘अन्न दिलं, घर दिलं, सुखदुःख दिलं,’ ती म्हणे. ‘दोस्ती तेवढी राखून ठेवली. ती त्या अकोलावाल्यासाठी असन.’ हे ती हसत म्हणे, पण म्हणून झाल्यावर उगाच पदराने भांडं पुसत राही. लग्नाच्या वाढदिवशी ती दरवर्षी त्यांच्या वाटेत तांदळाची एक छोटी रास घाली आणि मावसाजी दरवर्षी वळसा घालून जात. एका वर्षी तिने ती थेट उंबऱ्यावर घातली आणि मागच्या दाराला कुलूप लावलं. मावसाजी खिडकीतून बाहेर पडायला गेले आणि अडकले, निम्मे आत, निम्मे बाहेर. मावशीने खुर्ची घेतली, समोर बसली आणि शांतपणे मेथी निवडली. ‘तुमाले आवडते ना अर्धं?’ तिने विचारलं. तासाभराने गड्याने येऊन ओढून काढलं.

गेल्या हिवाळ्यात मावशीला चार पावलं चालली तरी धाप लागायला लागली. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयाची झडप बदलावी लागेल, ऑपरेशन मोठं आहे, वय पाहता धोका आहे. त्याच संध्याकाळी मावशीचा मला फोन आला. मी अकोल्याला ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते. ‘मले भेव नाई वाटून राहिलं, माय,’ ती म्हणाली. ‘जाच असन तं जाईन. पण अर्धं लगन घेऊन नाई जायचं मले. यायले म्हटलं, आता तरी टाका ते पाऊल. तं म्हणते, आता तं बिलकूल नाई. तू इंग्रजी शिकवतं ना? तो पिक्चर शोध. त्यात तसं काही नसते, हे यायले दाखव. मंग टाकतीन. तुह्यं ऐकतात ते.’ एवढं बोलून तिला दम लागला आणि तिने फोन ठेवला. माझ्या मावशीने आयुष्यात माझ्याकडे काहीही मागितलेलं नव्हतं. मी त्याच दिवशी कामाला लागले.

सिनेमाचं नाव मावसाजींना माहीत नव्हतं, म्हणून आधी मी त्या दोस्ताला गाठलं. अकोल्यात त्यांचं मोटारपंपाचं दुकान आहे. माझी ओळख सांगितली, काम सांगितलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, ‘मले कुठं इंग्रजी येत होतं वो बाई.’ ‘मग ते सगळं सांगितलं कसं?’ मी विचारलं. ‘हा घडीघडी विचारे, काय म्हणून राहिला, काय म्हणून राहिला. काहीतरी सांगा लागे ना. त्या साली आमच्या बापाचं सातबाऱ्याचं काम तलाठ्याकडे अडकलं होतं. दर खेपेले तो बापाले म्हणे, कागद अर्धे हायेत, वापस जा. तेच माह्या डोक्यात. तेच याच्या कानात टाकलं.’ म्हणजे माझ्या मावसाजींनी ज्या नियमावर पन्नास वर्षं काढली तो स्वर्गाचा नव्हताच, तो तलाठ्याच्या कचेरीतला होता. ‘लाइन गेली तवा मी देवाले हात जोडले,’ ते पुढे म्हणाले. ‘मले शेवट सुचून नोयता राहिला.’ मी उठले तेव्हा ते दारापर्यंत आले. म्हणाले, ‘त्याले सांगू नको बाई. साऱ्या जन्मात मले मास्तर मानणारा तोच एक माणूस हाये.’

सिनेमा मग मी इंटरनेटवर शोधला. न्हावी, धुकं, रजिस्टर, अर्धी दाढी, असं काय काय टाकून चार दिवस शोधलं आणि सापडला. एका रविवारी सकाळी मोबाइल बाजूला ठेवून मी तो लॅपटॉपवर बघायला बसले. सगळं मावसाजी सांगत तसंच होतं, फक्त बोलणं वेगळं. तो चष्मेवाला माणूस धुकं बाजूला सारतो तेव्हा खाली दुकानात माणसं जमलेली असतात. ती गिऱ्हाइकाला सांगतात की न्हावी मेला, आता ऊठ. ते गिऱ्हाईक म्हणतं, येईल तो, मी बसतो. गालावरचा साबण वाळून पडतो तरी ते खुर्चीतून उठत नाही. तेव्हा वरचा माणूस रजिस्टर मिटतो. खाली ज्याची कुणी वाट बघत बसलं आहे त्याचं नाव मला लिहिता येत नाही, असं तो म्हणतो. अर्ध्या कामाचं त्यात अवाक्षर नव्हतं. आणि लाइन गेल्यावर जे राहून गेलं होतं ते असं की न्हावी आत येतो, गिऱ्हाइकाचा उरलेला गाल करतो, तोवर आधी केलेल्या गालावर खुंट वाढलेले असतात. दोघं आरशात एकमेकांकडे बघतात. न्हावी पुन्हा ब्रश साबणात बुडवतो आणि सिनेमा संपतो.

मी सिनेमा फोनमध्ये घेतला आणि ऑपरेशनच्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने अमरावती गाठली. वाटेत मी मनाशी सगळं जुळवत होते, मावसाजींना कुठून सांगायला सुरुवात करायची, दोस्ताचं नाव न घेता कसं सांगायचं. मावशीला आत न्यायला दोनेक तास होते. तेवढ्यात ते पाऊल पडायला हवं होतं.

खोलीत शिरले तर मावसाजी गुडघे टेकून खाटेजवळ जमिनीवर बसलेले. शेजारी रुमाल सोडलेला, आणि ते मुठीने फरशीवर तांदळाची रास घालत होते. गुळगुळीत फरशीवर रास काही होईना, दाणे खाटेखाली पळत होते. सिस्टर डोक्याला हात लावून उभी होती. ‘अहो बाबा, इथे काय सांडताय?’ ती म्हणाली. ‘लगन लावून राहिलो,’ मावसाजी मान वर न करता म्हणाले. कालच दाखल करताना फॉर्मवर पेशंटशी नातं काय म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी ‘सहा पावलांचा नवरा’ असं सांगितलं होतं, त्यामुळे सिस्टरला त्यांचं आता फारसं नवल राहिलेलं नव्हतं. ती दार ओढून घेऊन बाहेर गेली.

‘बरं झालं तू आली,’ मावसाजी मला म्हणाले. ‘साक्षीले कोणी पाह्यजे.’ मी फोन पर्समध्येच राहू दिला. ते उठले, मावशीचा हात धरला. ‘चाल. तुले अर्धं नाई जायचं ना? चाल मंग.’ मावशी त्या हिरव्या कपड्यात खाटेवरून हळूहळू खाली उतरली. एवढीशी दिसत होती. दोघं त्या राशीपुढे उभी राहिली, लग्नाच्या फोटोत उभी आहेत तशीच. मावसाजींनी पाऊल उचललं. मावशीनेही उचललं. आणि तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मावसाजींच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

‘आन् तुमचा तलाठी?’ तिने विचारलं.

‘त्याले काय सांगाचं ते सांगीन मी.’

‘तुमची वापस याची सोय जाईन.’

‘माह्यी जाऊ दे. मी तं तुह्यी म्हणून धरून ठेवली होती आतापर्यंत,’ मावसाजी म्हणाले. ‘पाऊल दोघाचं हाये. सोयबी दोघाची हाये. डॉक्टरनं सांगतल्यापासून मी हेच म्हणून राहिलो, पण तुले अर्धं नको तं नको. तुह्या मनासारखं करू.’

मावशीने त्या तांदळाकडे पाहिलं. इतकी वर्षं तिने ज्या पावलासाठी भांडण मांडलं ते तिच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर होतं. मग तिने पाऊल मागे घेतलं आणि त्यांचंही हाताने मागे ओढलं. ‘राहू द्या,’ ती म्हणाली. ‘थोडं राखून ठेवा लागते.’ खाटेवर टेकता टेकता ती पुढे म्हणाली, ‘मले वापस याचं हाये.’

तांदूळ मी गोळा केले. मावशीने रुमालाला गाठ मारली आणि तो मावसाजींच्या हातात दिला. डॉक्टर तिला न्यायला आले तेव्हा मावसाजींनी त्यांना दारातच अडवलं आणि घाईघाईत, चेन पडण्यापासून सुरुवात करून, वाघाची गोष्ट सांगितली. ‘वाघानं माह्याकडे पाह्यलं. मी वाघाकडे पाह्यलं. आन् मंग… तुमी हिले घेऊन बाहेर या, मंग सांगतो.’ डॉक्टर हसले आणि आत गेले.

साडेचार तास लागले. बाहेरच्या वऱ्हांड्यात लोखंडी खुर्च्यांची रांग होती, तिच्यातल्या दाराजवळच्या खुर्चीत मावसाजी तो रुमाल धरून बसले. मी म्हटलं, जरा पाय मोकळे करा. नाही. म्हटलं, जेवून या, मी बसते. नाही. मी चहा आणून दिला. त्यांनी तो दाराकडे बघत बघत प्यायला, आणि रिकामा कप खाली ठेवताना त्यांचं लक्ष गेलं. कपात एक थेंब नव्हता. मी माणूस घाबरलेला बघितला आहे, पण रिकाम्या कपाला इतका घाबरलेला नाही. ‘दुसरा आण,’ ते म्हणाले, ‘लवकर आण.’ मी धावत जाऊन दुसरा आणला. त्यातला त्यांनी एक घोट घेतला आणि बाकीचा सगळा तसाच खुर्चीखाली ठेवून दिला. मला त्या न उठणाऱ्या गिऱ्हाइकाची आठवण झाली, आणि मी पाणी पिण्याच्या निमित्ताने जिन्यात जाऊन रडून घेतलं.

डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क काढला. म्हणाले, झडप बसली, बाई ठीक आहेत. मावसाजींनी नुसते हात जोडले. डॉक्टर चार पावलं गेले आणि परत आले. ‘वाघाचं काय झालं मग?’ मावसाजींच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा रंग आला. ‘तपासणीले आणीन तिले,’ ते म्हणाले, ‘तवा सांगतो.’

महिन्याभराने मी त्यांच्याकडे गेले. मावशी अंगणात उन्हात खाटेवर बसली होती. तो गाठ मारलेला रुमाल बैठकीत लग्नाच्या फोटोखाली खिळ्याला टांगलेला होता. या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला वाटेत रास नव्हती असं मावसाजींनी मला सांगितलं, जरा हिरमुसूनच सांगितलं. वळसा घालून जायची सवय झालेली, त्यामुळे ते सकाळपासून दोनदा नुसत्याच फरशीला वळसा घालून गेले होते. दोघं आता थकली आहेत. एक ना एक दिवस दोघांपैकी कुणाला तरी आधी जावं लागेल आणि तेव्हा वरचा माणूस कोणता नियम लावेल हे मला माहीत नाही. मावशीने चहा केला. तिघं अंगणात बसलो.

‘काय वं,’ मावसाजींनी एकदम विचारलं, ‘तू तो पिक्चर शोधून राहिली होती म्हणे. भेटला का? त्या न्हाव्याचं पुढं काय होते?’

मावशी माझ्याकडे बघू लागली. सिनेमा माझ्या पर्समध्ये, फोनमध्ये, शेवटापर्यंत होता.

‘भेटला,’ मी म्हटलं. ‘पण तो न्हावी दाराशी आला, मुठीवर हात ठेवला, आन् लाइन गेली.’

‘अकोल्यातबी?’

‘अकोल्यातबी.’

आता लाइन गेली तरी फोनवर सिनेमा चालतो हे मावसाजींना माहीत आहे. शेतातल्या खोपटात बसून ते फोनवर बातम्या बघतात. त्यांनी माझ्या पर्सकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘बरं झालं,’ आणि घोटभर चहा ठेवून त्यांनी कप खाली ठेवला.

माझी गाडी यायची वेळ झाली होती. मी उठले तशी मावशी माझ्या कपाकडे बघून म्हणाली, ‘एवढा घोट संपव ना, माय.’

मी म्हटलं, ‘राहू दे.’